लेड झेपलिनचा पहिला अल्बम: नवख्यानं कुठून सुरू करावं

भाच्याचा परवा फोन आला. "मामा, तू सारखं लेड झेपलिन, लेड झेपलिन करतोस ना, म्हणून काल त्यांचा पहिला अल्बम लावला. दहा मिनिटांत डोकं उठलं रे."

"कशावर ऐकलास?"

"फोनच्या स्पीकरवर. भांडी घासता घासता."

भांडी घासताना गाणी ऐकायला माझी काहीच हरकत नाही, मीही ऐकतो. पण हा अल्बम पहिल्या भेटीला तसा ऐकला तर नुसता आरडाओरडा वाटतो, आणि त्यात चूक ऐकणाऱ्याची नसते. ही रेकॉर्ड १९६८ मध्ये लंडनला तयार झाली. चार इंग्रज पोरांनी शिकागोच्या काळ्या कलावंतांचा ब्लूज घेतला, थोडं इंग्लंड-आयर्लंडचं लोकसंगीत घेतलं आणि ते एवढ्या मोठ्या आवाजात, एवढ्या मोकळ्या जागेत वाजवलं की पुढच्या हार्ड रॉकची आणि हेवी मेटलची भाषाच त्यातून घडली. मूळ ब्लूज कानात नसेल तर त्यांनी त्याचं काय केलं हे कळायला मार्ग नाही. म्हणून भाच्याला जो क्रम सांगितला तोच इथे देतो. आठवडाभराच्या संध्याकाळी पुरतील. संगीताचं शिक्षण लागत नाही, बोटांवर मोजता आलं की झालं.

आधी थोडी ओळख

१९६८ च्या उन्हाळ्यात यार्डबर्ड्स नावाचा बँड फुटला. गिटारवादक जिमी पेजच्या हातात उरलं ते बँडचं नाव आणि स्कँडिनेव्हियाच्या दौऱ्याचं दिलेलं वचन. पेज २४ वर्षांचा होता आणि कित्येक वर्षं लंडनच्या स्टुडिओंमध्ये इतरांच्या गाण्यांवर गिटार वाजवत होता. बास गिटारवर त्यानं जॉन पॉल जोन्सला घेतलं. हाही तसाच स्टुडिओत मुरलेला, वय २२, ऑर्गनही वाजवणारा, वाद्यमेळ लिहून देणारा. गायक रॉबर्ट प्लांट आणि ड्रमर जॉन बोनम दोघेही वीस-वीस वर्षांचे, बर्मिंगहॅमच्या बाजूचे, आधीपासून एकमेकांचे मित्र. म्हणजे दोन कसलेले कारागीर आणि दोन धसमुसळी पोरं. हे मिश्रण लक्षात ठेवा, अल्बमभर ते ऐकू येतं.

७ सप्टेंबर १९६८ ला डेन्मार्कमधल्या ग्लाडसाक्से इथे चौघं पहिल्यांदा लोकांसमोर उभे राहिले. दौरा संपवून परत आले ते थेट लंडनच्या बार्न्स भागातल्या ऑलिंपिक स्टुडिओत. पेजच्या सांगण्यानुसार स्टुडिओचे एकूण ३६ तास लागले आणि कव्हरच्या चित्रासकट खर्च आला १,७८२ पौंड. पैसे त्यानं स्वतःच्या खिशातून भरले, कारण तोवर कुठल्याच रेकॉर्ड कंपनीशी करार झाला नव्हता. त्यामुळे 'तीन मिनिटांत आटपा, रेडिओवर लागलं पाहिजे' असं सांगणारा कोणी खोलीत नव्हता. सहा-सहा मिनिटांची गाणी का आहेत याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. तयार टेप घेऊन मग अटलांटिक कंपनीशी सौदा झाला आणि १२ जानेवारी १९६९ ला रेकॉर्ड अमेरिकेत आली, इंग्लंडमध्ये मार्चमध्ये.

'हा बँड शिशाच्या फुग्यासारखा आपटणार', अशी थट्टा 'द हू'चा ड्रमर कीथ मून यानं केली होती असं सांगतात. तिच्यातूनच नाव आलं: लेड म्हणजे शिसं, आणि झेपलिन म्हणजे फुग्यासारखं तरंगणारं हवाई जहाज. शिशाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर मुद्दाम काढून टाकलं, नाहीतर अमेरिकन लोक 'लीड झेपलिन' म्हणाले असते. कव्हरवर ६ मे १९३७ ला न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टला जळून कोसळलेलं हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज आहे. त्या आगीत ३६ माणसं गेली. जॉर्ज हार्डी या चित्रकारानं गाजलेल्या छायाचित्रावरून ते शाईच्या ठिपक्या-ठिपक्यांनी काढलं. 'रोलिंग स्टोन' मासिकानं अल्बमची खरडपट्टी काढली. लोकांनी मात्र घेतला: अमेरिकेत दहाव्या क्रमांकापर्यंत चढला, इंग्लंडमध्ये सहाव्या.

पहिली पायरी: हेडफोन, आणि पहिली दहा सेकंदं

महागडे हेडफोन नकोत. दोन्ही कानांत नीट बसणारे साधे चालतील. पण दोन्ही कान हवेतच. मोनो रेकॉर्डी अजून विकल्या जात होत्या त्या काळात हा अल्बम फक्त स्टिरिओत काढला गेला, आणि डावं-उजवं हा त्याच्या रचनेचाच भाग आहे.

'गुड टाइम्स बॅड टाइम्स' लावा आणि फक्त सुरुवात ऐका. गिटार दोन ठोके देऊन थांबते. मग पुन्हा. या दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेकडे कान द्या. देवळाच्या सभामंडपात टाळी वाजवली की टाळीच्या मागे सभामंडपही 'वाजतो'. स्वयंपाकघरात टाळी वाजवली तर फक्त टाळी वाजते. त्या काळी ड्रम्सच्या अगदी तोंडाशी माइक लावायची पद्धत होती, म्हणजे स्वयंपाकघरातली टाळी. पेज आणि ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांनी माइक लांबही ठेवले आणि खोलीलाच बोलू दिलं. जॉन्सची मोजक्या माइकांत ड्रम्स डावीकडून उजवीकडे पसरवायची पद्धत आज त्याच्याच नावानं ओळखतात. घरी रेकॉर्डिंग करणारी आजची मुलंही ती फुटपट्टी घेऊन शिकतात.

आता तेच गाणं पुन्हा लावा आणि फक्त बोनमचा उजवा पाय शोधा. सगळ्यात खाली, छातीत जाणवणारा जो मोठा ढोल आहे, तो पायानं वाजतो. मध्येच त्यावर घोड्याच्या टापांसारखे झपझप ठोके येतात. दोन पाय असावेत असं वाटतं, पण पेडल एकच आहे आणि पायही एकच. ड्रम शिकणारी मुलं अजूनही या एका गाण्यावर महिनोन्‌महिने पोटऱ्या दुखवून घेतात.

चौघं एकाच खोलीत, जवळजवळ मैफलीसारखे एकत्र वाजवत होते. त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात शिरायचा. 'बेब आय'म गॉना लीव्ह यू' मध्ये प्लांटचा आवाज प्रत्यक्ष ओळ यायच्या आधी मागून कुठूनतरी अंधुक ऐकू येतो, तो भास नाही. ती गळती आहे. त्यांनी ती पुसली नाही, आणि बरं झालं.

दुसरी पायरी: बारा पेरं

आता झेपलिन बाजूला ठेवा. ओटिस रश या शिकागोच्या गायक-गिटारवादकाचं १९५६ सालचं 'आय कान्ट क्विट यू बेबी' शोधा. कोब्रा या छोट्या कंपनीची ती पहिलीच रेकॉर्ड, आणि गाणं लिहिलं होतं विली डिक्सननं.

ब्लूजचं सर्वांत रुळलेलं आवर्तन बारा मात्रांचं नाही, बारा घरांचं असतं. प्रत्येक घरात चार ठोके. संथ ब्लूजमध्ये त्या प्रत्येक ठोक्याच्या पोटात आणखी तीन बारीक ठोके, म्हणून ती चाल डुलत, रेंगाळत जाते. आपल्या आज्या अंगठ्यानं पेरं मोजत जप करायच्या ना, तसंच मोजायचं. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, झाली बारा. तर्जनीच्या खालच्या पेरावर अंगठा ठेवून सुरुवात करा, एका घराला एक पेर.

पहिली चार घरं 'सा'च्या स्वरमेळात, म्हणजे मुक्कामाच्या जागी. पाचव्या घराला, म्हणजे मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर, खालची जमीन सरकते आणि सगळे 'म'वर जातात. दोन घरं तिथे काढून परत 'सा'. नवव्या घराला, अनामिकेच्या टोकावर, 'प' येतो. इथे ताण सगळ्यात जास्त. करंगळीच्या पहिल्या पेरावर 'म', आणि उरलेल्या दोन पेरांत 'सा'वर परत. पुढचं आवर्तन पुन्हा तर्जनीपासून. काही गाण्यांत दुसऱ्याच घराला एक छोटी फेरी 'म'वर मारून येतात, तेवढ्यानं गडबडू नका.

शब्दही याच घरांत बसतात. पहिल्या चारांत एक ओळ, पुढच्या चारांत बहुधा तीच ओळ पुन्हा, आणि शेवटच्या चारांत तिचं उत्तर. ओळ संपली की गायक श्वास घेतो आणि त्या मोकळ्या जागेत गिटार बोलते. शाहिराची ओळ संपली की झीलकरी उचलतात, तसं. फक्त इथे कित्येकदा शाहीर आणि झीलकरी एकच माणूस असतो.

स्वरांचं एवढंच सांगतो: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हिंदुस्तानी संगीत ऐकणाऱ्याला हे स्वर धानी रागातून ओळखीचे असतील. म्हणून काही ब्लूज म्हणजे धानी नव्हे. ब्लूजचा जीव कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी असतो, पियानोच्या दोन पट्ट्यांच्या फटीत. पियानोवर तो स्वरच नाही. म्हणून गिटारवाले तार बोटानं बाजूला ओढून त्याच्यापर्यंत जातात, म्हणजे सतारीवरची मींडच.

मी हे ठाणे ते सीएसएमटी लोकलमध्ये, खांबाला टेकून, पँटच्या खिशातल्या हातावर मोजत शिकलो. पहिले तीन दिवस पाचव्या घराच्या आधीच चुकायचो. चौथ्या दिवशी अंगठा मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर गेला आणि त्याच क्षणी गाणं 'म'वर गेलं. ते एकदा घडलं की मग विसरता येत नाही. तुमचं तसं होईपर्यंत पुढे जाऊ नका. घाई कसली आहे?

तिसरी पायरी: शेवटून दुसरं गाणं

आता झेपलिनचा अल्बम उघडा, पण सुरुवातीपासून नाही. शेवटून दुसरं गाणं लावा: तेच 'आय कान्ट क्विट यू बेबी'. पेरं तीच, शब्द तेच, बारा घरं तीच. मग बदललं काय?

रशच्या गाण्यात माणूस दुःखात आहे आणि ते आवरून धरतोय. मागे सॅक्सोफोन, पियानो, सगळे त्याला सांभाळून घेतात. झेपलिनमध्ये सांभाळणारं कोणी नाही. गिटार ओळींच्या मधल्या जागेत उत्तर द्यायचं सोडून भांडण उकरून काढते. एक ओळ कुजबुजल्यासारखी, पुढची अंगावर धावून येणारी. हळू आणि जोरात यांच्यामधलं हे अंतर त्यांनी इतकं ताणलं की तोच गाण्याचा विषय होऊन बसला. खरं सांगायचं तर या एका गाण्यात मला अजूनही रशच जास्त आवडतो. विशीतला प्लांट दुःखाची नक्कल करतोय असं कधीकधी वाटतं.

'यू शूक मी' बद्दल मात्र तसं म्हणवत नाही, आणि इथे जरा थांबू या, कारण या गाण्याची जन्मकथा मजेदार आहे. १९६१ मध्ये अर्ल हूकर या स्लाइड गिटारच्या उस्तादानं एक नुसती गिटारची, बिनशब्दांची धून वाजवली. स्लाइड म्हणजे बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारांवरून घसरवायची. मग चेस या शिकागोच्या कंपनीनं ती तयार टेप घेतली आणि १९६२ मध्ये तिच्यावर मडी वॉटर्सकडून शब्द गाऊन घेतले. शब्द डिक्सन आणि जे. बी. लेनोर यांचे. गिटार आधीच मुद्रित होऊन बसलेली, त्यामुळे मडीला तिच्या मागे मागे जाण्याशिवाय इलाज नव्हता. मडीच्या रेकॉर्डवर गळा आणि गिटार सावलीसारखे एकमेकांना चिकटून चालतात, ते या जोडकामामुळे.

झेपलिननं नेमकी ही सावलीच उचलली. प्लांट आणि पेज एकेक स्वर जोडीनं घेतात, जोडीनं घसरतात. मधे ऑर्गन, मग प्लांटचा माउथ ऑर्गन, मग गिटार असे एकेकाचे डाव होतात, आणि शेवटी ताल थांबल्यावर गळा आणि गिटार समोरासमोर उभे राहतात. प्लांट एक किंकाळी फेकतो, पेज ती गिटारवर तशीच्या तशी परत फेकतो. तमाशातल्या सवाल-जवाबाची ज्याला गोडी आहे त्याला हा भाग समजावून सांगावा लागणार नाही. त्या शेवटच्या किंकाळ्यांभोवती एक विचित्र हुंकार ऐकू येईल, आवाजाच्या आधीच त्याचा प्रतिध्वनी आल्यासारखा. टेप उलटी फिरवून तिच्यावर प्रतिध्वनी भरायचा आणि मग ती पुन्हा सुलटी वाजवायची, ही पेजची युक्ती.

जाता जाता: हेच गाणं काही महिने आधी जेफ बेकच्या अल्बमवरही आलं होतं आणि तिथे ऑर्गनवर होता हाच जॉन पॉल जोन्स. जेफ बेक हा पेजचा जुना दोस्त. या अल्बमवर पेज जी टेलिकास्टर गिटार वाजवतो ती बेकनंच त्याला भेट दिलेली. दोस्तीत थोडा खडा पडलाच.

चौथी पायरी: गज आणि तबला

पहिली बाजू आता सलग ऐका. ती संपते 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' वर. बास वरून खाली एकेक पायरी उतरतो, जिन्यावरून कोणीतरी दिवा न लावता उतरतंय असा. साधारण दोन मिनिटांनंतर ताल विरतो आणि जे ऐकू येतं ते गिटारचं वाटत नाही. पेज व्हायोलिनचा गज गिटारच्या तारांवर फिरवतोय. हे दिसतं तेवढं सोपं नाही. व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, कमानदार असते म्हणून गज एकाच तारेला लागू शकतो. गिटारच्या तारा जवळजवळ सपाट रांगेत असतात, त्यामुळे गज हवं नको ते सगळंच घासत जातो. त्या घासण्यातूनच, मागे लांबलेल्या प्रतिध्वनीत, कण्हल्यासारखा आवाज निघतो. दिवे घालवून ऐका.

दुसऱ्या बाजूला 'ब्लॅक माउंटन साइड' नावाचा दोन मिनिटांचा तुकडा आहे, आणि त्यात चक्क तबला आहे. वाजवणारे विराम जसानी, नैरोबीत जन्मलेले, लंडनचे सतार आणि तबलावादक. पेजनं गिटार डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावली आहे. उघड्या तारा छेडत राहिलं की मागे तानपुऱ्यासारखी सा-पची आस राहते. पण यात राग शोधत बसू नका, सापडणार नाही. चाल आयर्लंडची आहे आणि तबला तिला फोडणीपुरता आहे. मला तो तुकडा आवडतो, पण हिंदुस्तानी संगीताचा 'प्रभाव' वगैरे मोठे शब्द त्याला पेलवत नाहीत. पेजला त्यात खरंच रस होता याचा जास्त भक्कम पुरावा मुंबईतला: १९७२ मध्ये तो आणि प्लांट इथे आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी मुद्रित केली. ती ध्वनिमुद्रणं २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आली. ती ऐका, सारंगीच्या अंगानं जाणारं झेपलिन कसं लागतं ते कळेल. पण नंतर.

नावांचा हिशेब

आता अवघड भाग. हा टाळून अल्बम ऐकता येतो, पण मग अर्धाच ऐकला असं होतं.

आपल्याकडे अभंग कोणीही कुठल्याही चालीत गावा, शेवटी 'तुका म्हणे' येतंच. ख्यालाच्या बंदिशीत 'सदारंग' येतो. घराणं बदलो, लय बदलो, करणाऱ्याचं नाव शब्दांतच ओवलेलं असतं. पुसायचं म्हटलं तरी पुसता येत नाही. ब्लूजला अशी मुद्रा नाही. तिथे ओळी, चाली या गायकाकडून त्या गायकाकडे फिरतच असतात, आणि करणाऱ्याचं नाव राहतं ते फक्त रेकॉर्डवरच्या छापील अक्षरांत. ती अक्षरं कोण छापतो यावर सगळं अवलंबून.

या अल्बमवर डिक्सनची दोन गाणी त्याच्या नावावर छापली गेली. बाकीच्यांचं काय झालं ते बघा. 'बेब आय'म गॉना लीव्ह यू' वर 'पारंपरिक' असं छापलं होतं. ते पारंपरिक नव्हतं, ॲन ब्रेडन या बाईंनी १९५० च्या दशकात लिहिलेलं होतं, आणि पेजपर्यंत पोचलं अमेरिकन लोकगायिका जोन बाएझच्या १९६२ च्या रेकॉर्डवरून. ब्रेडनबाईंना झेपलिनचं गाणं आहे हेच १९८० च्या दशकात कळलं. नाव आणि पैसे त्यानंतर मिळाले. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' जेक होम्सचं. १९६७ मध्ये न्यूयॉर्कला तो यार्डबर्ड्सच्या आधी मंचावर गायला होता, तिथे त्यांनी ते ऐकलं. अल्बमवर नाव आलं एकट्या पेजचं. होम्सनं २०१० मध्ये दावा लावला, कोर्टाबाहेर मिटला. 'ब्लॅक माउंटन साइड' ची चाल आयर्लंडची जुनी खरी, पण गिटारवर ती जशी बसवली आहे ती स्कॉटिश गिटारवादक बर्ट यानशनं १९६६ मध्ये मुद्रित केलेल्या 'ब्लॅकवॉटरसाइड' वरून. त्याचंही नाव नाही.

उलट प्रकारही एक आहे. प्लांटचं नाव एकाही गाण्याच्या रचनाकारांत नाही, कारण दुसऱ्या कंपनीशी त्याचा जुना करार होता.

माझं मत विचाराल तर बंदिश जुनी आणि गायकी नवी असणं यात गैर काही नाही, आपलं अख्खं संगीत तसंच चालतं. ही गायकी खरोखर त्यांची आहे. पण सदारंगाचं नाव खोडून स्वतःचं लिहिणं हे गैरच, त्याला 'त्या काळी चालायचं' हे उत्तर पुरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मी अल्बम ऐकायचा सोडला नाही, होम्सची रेकॉर्डही ऐकतो.

पाचवी पायरी: मागे जा, मग पुढे

एका संध्याकाळी मूळ गाणी या क्रमानं लावा: हाउलिंग वुल्फ या ब्लूज गायकाचं १९५१ चं 'हाउ मेनी मोअर इयर्स', ओटिस रश १९५६, मडी वॉटर्स १९६२, बर्ट यानश १९६६, जेक होम्स १९६७. पाच गाणी, वीस मिनिटांच्या आतबाहेर. वुल्फ पहिल्यांदा ऐकताना जरा आवाज कमी ठेवा. मेंफिसला सॅम फिलिप्सच्या छोट्याशा स्टुडिओत मुद्रित केलेला तो गळा सत्तर वर्षांनंतरही स्पीकरमध्ये मावत नाही. आणि लगेच मागोमाग अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, पंचेचाळीस मिनिटं, न थांबता. आता जे वेगळं ऐकू येईल तेवढंच त्या चौघांचं.

पुढे जायचं तर दोन वाटा धरा. बोनमचे जड ठोके आणि 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'चा अंधार घेऊन गेलात की बर्मिंगहॅमच्याच ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडपाशी पोचाल. त्यांचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७०, म्हणजे जेमतेम वर्षभरानं. दुसरी वाट अनपेक्षित आहे: 'कम्युनिकेशन ब्रेकडाउन'. अडीच मिनिटं, गिटारवर हात सतत खालीच, वरचा फटका नाहीच. न्यूयॉर्कच्या रमोन्स या पंक बँडचा गिटारवादक जॉनी रमोन हेच गाणं घोकून घोकून आपला हात तयार झाल्याचं सांगायचा. लांबलचक गिटारवादनाचा तिटकारा असलेल्या पंकवाल्यांच्या मुळाशीही हेच लोक निघावेत याची मला गंमत वाटते.

मुंबईकरांसाठी एक वाट घराजवळचीही आहे. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्र ब्लूज महोत्सव सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षी तिथे बडी गाय हा ब्लूज गिटारवादक येऊन वाजवून गेला. हा माणूस तरुणपणी चेस कंपनीच्या स्टुडिओत मडी आणि वुल्फच्या मागे गिटार वाजवायचा. म्हणजे पाचव्या पायरीतली माणसं आपल्याला वाटतात तेवढी लांबची नाहीत.

राहिलं शेवटचं गाणं

'हाउ मेनी मोअर टाइम्स' वुल्फच्या गाण्यातून निघतं, वाटेत पुन्हा गज निघतो, मग ते अल्बर्ट किंग या ब्लूज गायकाच्या 'द हंटर' मध्ये शिरतं, आणि साडेआठ मिनिटांनी संपतं. मूळ कव्हरवर मात्र त्याची लांबी छापली होती ३:३०. लांब गाणं रेडिओवाले लावत नाहीत, तेव्हा लहान म्हणून लावतील आणि फसतील असा बेत होता.

अमेरिकेत कोण फसलं कोणास ठाऊक, आमच्याकडे फसला एक कॅसेट भरून देणारा. कॉलेजात असताना मी नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणि मित्राच्या काकांची रेकॉर्ड घेऊन एका दुकानात गेलो. एका बाजूला हा अल्बम, दुसरीला दुसरा. माणूस हिशेबी होता. त्यानं कव्हरवरचे आकडे कागदावर मांडून बेरीज केली, चाळीस मिनिटं भरली. पंचेचाळीसच्या बाजूत पाच मिनिटं फुकट कशाला घालवायची, म्हणून त्यानं सुरुवातीला आपल्या पसंतीचं एक भलतंच गाणं भरून दिलं. घरी येऊन ऐकतो तर शेवटचं गाणं गज चालू असताना खट्‌कन बंद. मला वाटलं, असंच असेल, ही माणसं काहीही करू शकतात. पाच वर्षं मी ते गाणं तसंच ऐकत आलो, मित्रांना त्या 'धाडसी शेवटा'बद्दल व्याख्यानंही दिली.

मग सीडी आली आणि खट्‌कन बंद व्हायच्या जागी गाणं पुढे चालूच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी ती जुनी कॅसेट घेऊन दुकानात गेलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मागच्या फळीवरून कुणाचीतरी तीच रेकॉर्ड काढली, चष्मा लावला आणि कव्हरवर बोट ठेवलं.

"हे बघा. तीन-तीस. छापलंय."